अन्नपूर्णेच्या पायांवरचे डाग

आरमोरीहून वैनगंगेच्या अंगानं आत वळलं की पिंपळटोला लागतो. गाव ढिवरांचं. तलावातली मासोळी आणि रानातला कोसा, म्हणजे रानरेशीम, या दोहोंवर गाव जगतं. पावसाळा तोंडावर आला की ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडायच्या, त्यांनी पानं खाऊन स्वतःभोवती कोष विणेपर्यंत पक्ष्यांपासून आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करायची, आणि मधल्या काळात दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांमध्ये रोपं लावायला, म्हणजे धानाच्या रोवण्याला जायचं, असा इथला रिवाज. अन्नपूर्णा मारबते याच गावची सून. हातानं चपळ, तोंडानं त्याहून चपळ. रोवणा करणाऱ्या बायांच्या ओळीत अन्नपूर्णा असली की ओळ आपोआप पुढं सरकते, असं लोक म्हणत. ती मध्येच कोणाची तरी अशी फिरकी घ्यायची की वाकून वाकून मोडलेल्या कमरा विसरून बाया हसत राहायच्या.

तिला लहानपणी दमा नव्हता. माहेरी कोणालाही नव्हता. पस्तिशी उलटल्यावर एके वर्षी आधी नाक चोंदलं, मग ते कायमचंच चोंदून बसलं, आणि वास यायचा बंद झाला. चुलीवरची भाजी करपली तरी तिला कळायचं नाही. अंगणातून नवरा सुकलू ओरडला की ती धावायची. त्यानंतर छातीत शीळ वाजायला लागली. कोशातून फुलपाखरं बाहेर पडतात त्या दिवसांत त्यांना बंद खोलीत ठेवावं लागतं. त्यांच्या पंखांवरची बारीक पूड साऱ्या खोलीत उडते आणि भल्याभल्यांना शिंका आणते. म्हणून अन्नपूर्णेच्या दम्याचं कोणाला नवल वाटलं नाही. आरमोरीच्या डॉक्टरांनी छाती तपासून पंप दिला. पंपानं बरं वाटायचं. पुन्हा धाप लागली की पुन्हा आरमोरी. सुकलू तिला मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचा आणि वाटेत एका शब्दानं कुरकुरायचा नाही. तो मुळातच कमी बोलणारा माणूस. घरातलं त्याच्या वाट्याचं बोलणंही अन्नपूर्णाच बोलून टाकायची.

अशी काही वर्षं गेली. मग एका श्रावणात, रोवणा जोरात असताना, संध्याकाळी बांध्यांजवळच्या लहान तळ्यात, बोडीत, पाय धुताना तिला नडग्यांवर तांबडे ठिपके दिसले. दिवसभर पोटऱ्यांपर्यंत चिखल असतो, त्यामुळं ते कधी उठले हे तिलाही सांगता आलं नसतं. मसुरीच्या डाळीएवढे दाणे, घोट्यांजवळ दाट आणि वर विरळ. चिखलानं खाज उठली असेल म्हणून तिनं कडुनिंबाचा पाला वाटून लावला. चिखलाची खाज तिला माहीत होती. ती दोन रात्रींत बसते. हे बसेना. दाणे हाताला लागण्याइतके वर आले, एकमेकांत मिसळले आणि जांभळे झाले. अंगठ्यानं दाबून पाहिलं तर रंग हटेना. पुढच्या हाटापर्यंत दोन्ही कोपरांवर मागच्या बाजूला कठीण गाठी आल्या. कातडीखाली कोणी वाटाणे पेरावेत तशा.

पाय जळायला लागले ते त्यानंतर. आधी आग, मग मुंग्या, मग डाव्या पंजात काहीच नाही. एकदा बांधीवरून घरी येताना डाव्या पायातली चप्पल मागं राहून गेली आणि ती तशीच चालत राहिली. घराच्या उंबरठ्याला पंजा अडखळला तेव्हा खाली पाहिलं, तर पाय अनवाणी. त्या दिवसापासून ती मनातून घाबरली. चिखलानं कातडी बिघडते हे खरं, पण चिखलानं पाय बहिरा होत नाही.

या भागात कातडीवर डाग आणि बधिर पाय म्हटलं की लोकांच्या मनात एकच नाव येतं. ते नाव अन्नपूर्णेच्याही मनात आलं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. लुगडं खाली सोडून नेसायला लागली आणि पाय धुवायला सगळ्यांच्या नंतर एकटी जायला लागली. जिच्या बोलण्यावर रोवण्याची ओळ पुढं सरकायची ती बाई गप्प झाली. सुकलूनं एकदोनदा विचारलं. तिनं धाप लागते म्हणून वेळ मारून नेली.

पण तिची मोठी जाऊ रुखमाबाई हिच्या नजरेतून काही सुटलं नाही. दोघींची घरं एकाच अंगणात. एक दिवस अन्नपूर्णा पाय धुताना रुखमाबाई मागून आली, तिचे पाय पाहिले आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी बांधीवर पाणी प्यायला अन्नपूर्णेनं हात पुढं केला, तर रुखमाबाईनं आपला लोटा बाजूला ठेवून तिला दुसरा दिला. तो लोटा पुन्हा कोणी तोंडाला लावला नाही. अन्नपूर्णेनं ते पाहिलं. पाणी प्याली आणि पुन्हा वाकून धानाची रोपं, परे, लावायला लागली. आयुष्यात तिला कोणाचा एवढा राग आला नव्हता, आणि आयुष्यात ती इतकी गप्प बसली नव्हती.

त्याच आठवड्यात दारापुढं मोटारसायकल थांबली. आलेला माणूस कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी गावोगाव फिरणारा सरकारी कर्मचारी. उतारवयाचा, गळ्यात उपरणं, सगळे त्याला बापूजी म्हणत. त्याला पाहताच अन्नपूर्णेला कळलं की कोणी तरी निरोप धाडला आहे, आणि कोणी धाडला तेही कळलं. समोरच्या ओसरीत रुखमाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

अन्नपूर्णेला वाटलं, आता सगळ्या गावाला कळणार. पण बापूजीनं मोटारसायकल घराच्या मागं नेऊन लावली, तिला परसात खाटेवर बसवलं आणि सुकलूलाही तिथंच थांबायला सांगितलं. मग डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्यानं डागांना, डागांच्या मधल्या कातडीला, हातांना, गालांना स्पर्श केला आणि कुठं लागतंय ते बोटानं दाखवायला सांगितलं. कोपराच्या मागची नस चाचपली, गुडघ्याच्या बाजूची चाचपली. पंजा वर उचल म्हणाला. उजवा उचलला गेला, डावा नाही. त्याला घाई नव्हती. सगळं झाल्यावर तो समोरच्या पाट्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, हा महारोग नाई."

अन्नपूर्णेनं डोळे उघडले. "मंग काय हाये?"

"थे मले नाई माहीत," बापूजी म्हणाला. "मी उभी जिंदगी हेच पाहून राह्यलो, पण असे डाग मी पाह्यले नाई. महारोगाच्या डागाले स्पर्श कळत नाई, तुले डागावर कळते. पण पाय उचलत नाई म्हंजे नस दुखावली हाये. घरी बसू नको. मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरले दाखव. आन जे जे होऊन राह्यलं थे सगळं सांगजो, डागाचंच नको सांगू."

माहीत नाही असं सरळ सांगणारा माणूस तिला त्या दिवसांत दुसरा भेटला नव्हता. बाकीच्यांना सगळं माहीत होतं. कोणी चिखल म्हणालं, कोणी करणी म्हणालं, कोणी उष्णता. बापूजीनं तिथूनच गडचिरोलीच्या दवाखान्यात फोन लावला, दुसऱ्या दिवशी कोणाला भेटायचं ते सुकलूच्या डोक्यात दोनदा घातलं आणि चहा न घेता निघून गेला.

गडचिरोलीत त्यांनी रक्त घेतलं, पाय पाहिले, आपसात बोलले आणि चंद्रपूरला पाठवलं. सुकलूला ऐनाच्या झाडांवरच्या अळ्या सोडून राहता येत नव्हतं; एक दिवस राखण चुकली तर कावळे सगळं पीक फस्त करतात. दवाखान्यात बाईमाणसाजवळ बाईमाणूस हवं. मुलगी रंजीता लग्न होऊन सिरोंच्याकडं गेलेली, पोटुशी. कोण जाणार, असा प्रश्न पडलेला असताना रुखमाबाई पिशवी भरून अंगणात येऊन उभी राहिली.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, आणि मूल गाव मागं पडलं. मग खिडकीबाहेर पाहत रुखमाबाईच बोलली. तिच्या आईला महारोग झाला होता. आईनं भीतीपोटी तो लपवला, घरच्यांनी शरमेपोटी लपवला, आणि औषध मिळायला लागलं तोवर तिच्या हाताची बोटं झडली होती. भाकर थापताना आई मनगटानं थापायची. सासरी हे कोणाला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर लग्नच झालं नसतं. तुझे पाय पाहिले आणि मला आई दिसली, असं ती म्हणाली. लोटा बाजूला ठेवला तो भीतीनं. बापूजीला निरोप धाडला तोही भीतीनंच.

"लोट्याचं मनात ठेवू नको," ती म्हणाली.

चंद्रपूरच्या स्टँडवर उतरताना अन्नपूर्णेचा पंजा पायरीला अडकला तेव्हा तिनं आधार म्हणून हात पुढं केला तो रुखमाबाईच्याच खांद्यावर.

दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टर म्हणजे दिव्यानी मॅडम. वयानं अन्नपूर्णेच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, ब्रह्मपुरीकडच्या. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "रोवणा झाला का बाई?" हे. झाला असता, मीच मध्ये टाकून आली, असं अन्नपूर्णा म्हणाली, आणि मग तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. बापूजीनं सांगितल्याप्रमाणं तिनं सगळं सांगितलं: नाक, वास, दमा, फुलपाखरांची पूड, डाग, गाठी, चप्पल. मॅडम मध्येच थांबवून विचारत होत्या. आधी दमा की आधी डाग? नाक कधीपासून? त्यांनी काचेची एक पट्टी डागावर दाबली आणि वाकून तिच्यातून पाहिलं. तांबडेपण हटलं नाही. साध्या पुरळाचा रंग दाबल्यावर जातो, हा जात नाही, म्हणजे रक्त नळीच्या बाहेर येऊन कातडीत साकळलं आहे, असं त्यांनी सोबतच्या डॉक्टरांना सांगितलं. मग कोपरांवरच्या गाठी पाहिल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

नडगीवरच्या एका ताज्या डागाचा जरासा तुकडा काढून तपासायला गेला. छातीचा फोटो, हृदयाची तपासणी, लघवीची तपासणी असं सगळं झालं. तिला दाखल करून घेतलं, आणि अन्नपूर्णा वॉर्डात भिंतीकडच्या खाटेवर पडून राहिली. पाय चादरीबाहेर काढायची तिची हिंमत होत नसे. रुखमाबाई खाली जमिनीवर चटई टाकून झोपायची, सकाळी तिची वेणी घालायची, आणि शेजारच्या खाटेवरच्या बायांनी काय झालंय असं विचारलं की ठणकावून सांगायची, की काय झालंय ते डॉक्टर शोधून राहिले आहेत, पण लागणारं नाही. ते तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

तपासण्यांचं उत्तर आलं तेव्हा दिव्यानी मॅडम खाटेच्या कडेला बसल्या आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत त्यांनी समजावलं. आपल्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात, ॲलर्जीच्या वेळी वाढणाऱ्या. तुमच्या अंगात त्या फार वाढल्या. आधी नाकात, मग छातीत, म्हणून दमा. आता त्या रक्ताच्या बारीक नळ्यांच्या भिंतींमध्ये शिरल्या आहेत. नळ्या सुजतात, फुटतात, रक्त झिरपतं, त्याचे हे डाग. नसांना रक्त पुरवणाऱ्या नळ्याही सुजल्या, म्हणून पाय उचलत नाही. आजार दुर्मिळ आहे. कशानं होतो ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. फुलपाखरांच्या पुडीनं दमा भडकत असेल, पण आजार पुडीचाच असं म्हणता येणार नाही.

"दुसरीकडं कुठी गेला का थो?" रुखमाबाईनं विचारलं.

"हृदयापर्यंत जाऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "अजून गेला नाई. म्हणून तर बाईंच्या पायांचे आभार मानतो आम्ही. दम्याचे पेशंट आमच्याकडे पुष्कळ येतात. हे डाग उठले नसते तर आत काय चाललंय ते कळायला फार उशीर झाला असता."

अन्नपूर्णेनं त्या वेळी पहिल्यांदा आपण होऊन चादर बाजूला केली. श्रावणापासून ज्या पायांना ती शिव्या देत होती, त्यांच्याकडं तिनं नीट पाहिलं. जांभळे, खरबरीत, कुरूप पाय. हे बिचारे ओरडून सांगत होते आणि आपण लुगडं ओढून त्यांचं तोंड दाबत होतो, असं तिच्या मनात आलं.

औषध जोराचं होतं. आधी काही दिवस सलाईनमधून, मग गोळ्या, आणि महिन्याच्या महिन्याला चंद्रपूरला येऊन आणखी एक सलाईन. पहिला फरक श्वासात पडला. छातीतली शीळ थांबली, आणि किती वर्षांनी आपण उताणं निजलो याचंच तिला अप्रूप वाटलं. डाग पिकल्या जांभळासारखे काळवंडले, मग तपकिरी झाले. गाठी आतल्या आत विरघळल्या. गोळ्यांनी भूक मात्र अशी पेटली की दवाखान्याचं जेवण पुरेना. रुखमाबाई आपल्या ताटातली पोळी तिच्या ताटात टाकायची आणि तिचं मीठ कमी करायला सांगितलंय म्हणून लोणचं एकटीच खायची. चेहरा सुजून गोल झाला. गावी परतल्यावर बाया म्हणाल्या, चंद्रपूरचं पाणी मानवलं हिला. आजार कळेना तेव्हा जे अंतर राखून होते ते आता बघायला म्हणून येऊन बसायला लागले. अन्नपूर्णेनं कोणाला टोचून बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ते तिला नेहमीच जमलं असं नाही.

दिवाळीच्या सुमारास सुकलू अंगणात कोष उकळत होता. उकळत्या कोशांचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. आत मेलेल्या किड्यांची ती घाण नाकात गेली की जेवण जात नाही. घरात बसलेल्या अन्नपूर्णेनं नाकाला पदर लावला. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण नाकाला पदर लावला आहे. ती बाहेर आली आणि त्या हंड्याजवळ जाऊन उभी राहिली. सुकलू म्हणाला, "बाजूले हो, वास येते." ती म्हणाली, "हो ना जी, येते," आणि तिथंच उभी राहून रडायला लागली. सुकलूला काही कळेना. कळलं तेव्हा त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

डाव्या पायानं मात्र वेळ घेतला. नस हळूहळू सुधारते, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पंजा वर धरून ठेवायला प्लास्टिकची एक पट्टी मिळाली, ती बांधून अन्नपूर्णा ओसरीत फेऱ्या मारायची. उन्हाळ्यात पट्टी सुटली. पायाची शेवटची दोन बोटं अजूनही तिची नाहीत, असं ती म्हणते. पुढच्या पावसाळ्यात ती रोवण्याला गेली, पण अर्धाच दिवस. फुलपाखरांच्या खोलीत मात्र ती आता जात नाही. ते काम सुकलू एकटा तोंडाला फडकं बांधून करतो आणि घरात यायच्या आधी बाहेरच अंघोळ करतो. त्याला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा तपासणीला गेली तेव्हा दिव्यानी मॅडमनी अवघडून विचारलं, की शिकणाऱ्या मुलामुलींना तुमचे पाय दाखवाल का? डाग आता पुसट झाले आहेत, पण मूळचे फोटो आहेत, आणि तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांच्या ध्यानात राहील. परक्या पोरांपुढं पाय उघडे करायचे या कल्पनेनंच अन्नपूर्णेनं लुगडं आणखी खाली ओढलं. तिनं रुखमाबाईकडं पाहिलं. रुखमाबाई म्हणाली, "सांग ना. माझ्या मायचे हात कोणी वेळेवर पाह्यले असते तं." त्या लांब कॉरिडॉरमध्ये, परक्या माणसांदेखत, रुखमाबाईनं आईचं नाव काढलं होतं. मग अन्नपूर्णा स्टुलावर बसली आणि तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. मुलं गोल करून उभी राहिली. मॅडम इंग्रजीत सांगत होत्या, मध्ये अन्नपूर्णा आपल्या बोलीत सांगत होती. शेवटी मागं उभ्या असलेल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "दुखायचं का हो, मावशी?"

एवढ्या तपासण्या झाल्या, एवढे लोक भेटले, पण हे असं तिला कोणी विचारलं नव्हतं. "जळायचं, बाई," ती म्हणाली. "निखारा ठेवल्यावानी जळायचं. पण दुखण्यापरीस भेव जास्त होतं." मुलीनं मान हलवली आणि पुढं येऊन लुगड्याचा काठ तिच्या पायांवर नीट सरकवला.

आजार गेला नाही, निजला आहे, असं मॅडम सांगतात. तो पुन्हा उठला तर कातडीवर आधी दिसेल, म्हणून पाय पाहत जा, म्हणतात. त्यामुळं दर रविवारी सकाळी ऊन अंगणात आलं की अन्नपूर्णा खाटेवर पालथी पडते, कारण पोटऱ्यांची मागची बाजू आणि कोपरं तिला स्वतःला दिसत नाहीत. रुखमाबाई चष्मा लावून इंच इंच पाहते. सुरुवातीला हे काम सुकलूकडं होतं, पण तो प्रत्येक तिळाला घाबरायचा. मागच्या रविवारी रुखमाबाईचं बोट घोट्याजवळ एका जागी थांबलं. रुखमाबाईनं त्या जागेवर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं.

"काय हाये व?" अन्नपूर्णेनं विचारलं.

"डास चावला हाये, बह्याडे," रुखमाबाई म्हणाली. "सरक, मले बसू दे."

अन्नपूर्णा सरकली, आणि दोघी जावा उन्हात पाय पसरून बसल्या.